छोटी गाडी बंद का झाली, आणि ‘रूळ रुंद करायला’ इतकी वर्षं का लागतात

नागपुरातलं इतवारी ते चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड ही नॅरोगेज लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. कारण दोन शब्दांत सांगितलं गेलं: गेज परिवर्तन. कुही, उमरेड, भिवापूरकडच्या माणसाने त्याचा अर्थ सरळ लावला. रूळ एकमेकांजवळ आहेत, ते आता एकमेकांपासून लांब करणार आणि मग मोठी गाडी येणार. त्यानंतर वर्षं लोटली. मधूनमधून बातमी यायची, कधी भराव झाल्याची, कधी रुळांखाली आडवे टाकायचे स्लीपर आल्याची, कधी इंजिनाच्या चाचणीची. आणि प्रत्येक बातमीखाली, प्रत्येक पानठेल्यावर तोच सवाल: जमीन होती, लाईन होती, स्टेशनंही होती, मग एवढा उशीर कशाचा?

सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर ‘परिवर्तन’ या शब्दातच दडलेलं आहे, कारण हा शब्द फसवा आहे. नॅरोगेजची ब्रॉडगेज होते तेव्हा जुन्या लाईनचं जवळपास काहीच उरत नाही. रूळ, स्लीपर, गिट्टी, पूल, फलाट, सिग्नल सगळं जातं. राहते ती जमिनीची एक पट्टी, आणि तीही पुरत नाही.

गेज म्हणजे चाकोरी

दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. यासाठी आपल्याकडे जुना शब्द आहेच. बैलगाडी एकाच वाटेने सारखी गेली की मातीत दोन खोल चर पडतात, त्याला चाकोरी म्हणतात. त्या चाकोरीत दुसऱ्या मापाच्या आसाची गाडी घातली तर एक चाक चरात राहतं आणि दुसरं बांधावर चढतं. रेल्वेचं तसंच आहे, फक्त इथे बांधावर चढायची सोय नसते.

भारतात मुख्यतः तीन चाकोऱ्या होत्या: ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० मिलिमीटर आणि नॅरोगेज ७६२ मिलिमीटर (डोंगरातल्या काही लाईनी ६१० च्या). नागभीडची गाडी ७६२ वाली, म्हणजे अडीच फुटी.

स्वस्तातली लाईन, आणि तिचं कारण

मुंबईहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती ब्रॉडगेज. नागपूरच्या पूर्वेला राजनांदगावकडे नागपूर-छत्तीसगड रेल्वे निघाली, ती मात्र मीटरगेज. म्हणजे छत्तीसगडचा धान नागपुरात एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्यात चढवायचा. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली ती मुळात ही मीटरगेज ताब्यात घेऊन ब्रॉडगेज करायला आणि पुढे बिलासपूरमार्गे आसनसोलपर्यंत न्यायला. नागपूरकरांनी गेज परिवर्तन पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. २०१९ ची ही काही पहिली वेळ नव्हती.

मग त्याच कंपनीने पुढे नॅरोगेज का टाकली? १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला होता. आतल्या मुलखात धान्य पोचवायला वाट हवी होती, पण तिथल्या वाहतुकीतून ब्रॉडगेजचा खर्च निघणार नव्हता. तोडगा म्हणून सातपुड्याच्या आणि वैनगंगेच्या पट्ट्यात अडीच फुटी लाईनींचं जाळं विणलं गेलं. १९०३ पासून गोंदिया-नैनपूर-जबलपूर लाईन टप्प्याटप्प्याने खुली झाली, १९०८ मध्ये नागपूर-नागभीड, १९१३ पर्यंत नागपूर-छिंदवाडा. छिंदवाड्याकडून कोळसा यायचा, बालाघाटकडून मँगनीज, नागभीडकडून धान आणि लाकूड.

स्वस्त म्हणजे नेमकं किती हलकं काम होतं? नॅरोगेजच्या लाकडी स्लीपरची लांबी दीड मीटर, आजच्या ब्रॉडगेजच्या काँक्रीट स्लीपरची पावणेतीन मीटर. नॅरोगेजचा रूळ मीटरला जास्तीत जास्त २५ किलोच्या आसपास, ब्रॉडगेजचा आता ६० किलो. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, नॅरोगेजमध्ये साधारण आठ टनांपर्यंत भार, ब्रॉडगेजच्या मालगाडीत जवळपास २३ टन. आणि वळण? नॅरोगेजला ४४ मीटर त्रिज्येचं वळणसुद्धा चालायचं. ब्रॉडगेजला १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्या मान्यच नाही.

या शेवटच्या आकड्यात सगळी मेख आहे. वाटेत टेकाड आलं, नाला आला, कुणाची आमराई आली की नॅरोगेजवाले तिला वळसा घालून पुढे जायचे. खोदाई वाचली, पूल वाचला. शंभर वर्षांपूर्वी असे वाचवलेले पैसे आज व्याजासकट मोजावे लागतात.

बंद तरी का केली?

स्वातंत्र्यानंतर ही लाईन एका पाटीखालून दुसऱ्या पाटीखाली गेली. १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे, २००३ मध्ये बिलासपूर मुख्यालयाची दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. १९९२ मध्ये रेल्वेने ‘एक गेज’ धोरण हाती घेतलं. नव्वदच्या दशकात गोंदिया-नागभीड-बल्लारशा लाईन ब्रॉडगेज झाली आणि नागभीडची गंमत झाली. तिथून चांदाफोर्टला किंवा गोंदियाला जायला मोठी गाडी, नागपूरला यायला छोटी. २०१५ च्या अखेरीस छिंदवाड्याची नॅरोगेजही थांबली. नागपुरातून निघणारी नॅरोगेज उरली ती एकच.

एकटी उरलेली नॅरोगेज महागात पडते. तिचं इंजिन, डबा, चाक, ब्रेकचा सुटा भाग, काहीच इतर गाड्यांना चालत नाही. झेडडीएम-४ए वर्गातल्या डिझेल इंजिनांसाठी नागपुरातल्या मोतीबागची इंजिन दुरुस्तीची शेड वेगळी राखायची, कारागीर वेगळे ठेवायचे, तेही ११० किलोमीटरच्या एका लाईनसाठी. जाळं मोठं असतं तेव्हा हा खर्च वाटला जातो. जाळं गेलं की सगळा एकीच्याच डोक्यावर येतो.

उमरेडची तऱ्हा तर आणखीच वेगळी. तिथल्या कोळसा खाणींपर्यंत बुटीबोरीकडून ब्रॉडगेजचा फाटा कधीचाच गेलेला आहे. म्हणजे उमरेडचा कोळसा मोठ्या लाईनने जायचा आणि उमरेडचा माणूस छोट्या.

कौलं काढून स्लॅब टाकायचा

इतवारी-महालात मातीच्या भिंतींची जुनी कौलारू घरं अजून आहेत. अशा घरावर कुणी म्हणालं, ‘कौलं काढा आणि स्लॅब टाका’, तर गवंडी आधी भिंतीकडे बघेल. भिंत पेलणार नाही, म्हणून ती पाडावी लागेल. मग पाया बघेल. तोही उथळच निघेल. शेवटी ‘छत बदलणं’ म्हणजे नवं घर. गेज परिवर्तनाचा क्रम हाच, फक्त उलटा: पाया आधी, रूळ शेवटी.

रेल्वेचा पाया म्हणजे भराव. नॅरोगेजच्या भरावाचा माथा साधारण ३.७ मीटर रुंद असायचा, ब्रॉडगेजच्या एकेरी लाईनचा आता ७.८५ मीटर. बाजूचा उतार दोनास एक धरतात, म्हणजे एक मीटर उंचीमागे दोन्ही अंगांना दोन-दोन मीटर पाय पसरतो. हिशेब करून पाहू. दोन मीटर उंच नॅरोगेज भरावाला दर मीटर लांबीत १५.४ घनमीटर माती लागते. तेवढ्याच उंचीच्या ब्रॉडगेज भरावाला २३.७. पण पुराची पातळी, खालून जाणारा रस्ता आणि चढाची मर्यादा बघता उंचीही वाढवावी लागते. एक मीटर वाढवली की आकडा ४१.५ वर जातो. म्हणजे किलोमीटरला साडेएक्केचाळीस हजार घनमीटर. जुना भराव जसाच्या तसा वापरता आला, तरी निम्म्याहून जास्त माती बाहेरून आणावी लागते. तळाची रुंदी ११.७ मीटरवरून १९.८५ मीटरवर जाते. ‘जमीन तर होतीच’ या म्हणण्यातली अडचण इथे दिसते.

ती माती कुठली? नागपूर-कुही पट्ट्यातली काळी माती शेतकऱ्याला प्यारी, इंजिनिअरला नकोशी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. तिच्यावर रूळ टाकले तर दर पावसाळ्यानंतर गाडीचा वेग कमी करावा लागेल. म्हणून जिथे काळी माती खोल आहे तिथे ती काढतात किंवा निवडक मातीने बदलतात. वरच्या भागात चांगला मुरूम आणि त्याहून वर ठरावीक बारीक-जाड कणांच्या मिश्रणाचा थर देतात. त्याला ब्लँकेट म्हणतात. नाव नेमकं आहे: वरून पडणारा भार पसरवायचा आणि खालचा चिखल वर गिट्टीत येऊ द्यायचा नाही. हा थर पातळ राहिला तर दोनतीन पावसाळ्यांत गिट्टीत गाळ चढतो आणि पाणी निचरत नाही. मग गाडी गेली की रुळाखाली चिखलाची पिचकारी उडते.

जुन्या भरावाला नवी माती चिकटवणं हेही नाजूक काम. सरळ ढिगारा ओतला की जुन्या-नव्याच्या सांध्यावर भेग पडते आणि पहिल्या मोठ्या पावसात नवा भाग घसरतो. म्हणून जुन्या उतारावरचं गवत आणि मुळं काढायची, त्यात पायऱ्या कापायच्या, मग साधारण ३० सेंटिमीटरचे थर देत, पाणी मोजून शिंपडत, रोलर फिरवायचा. प्रत्येक थराची घनता तपासल्याशिवाय पुढचा थर नाही. जूनमध्ये हे काम थांबतं आणि ऑक्टोबर उजाडल्याशिवाय नीट सुरू होत नाही. वर्षाचे चार महिने इथेच गेले.

पूल आणि वळणं

शंभर वर्षांचा दगडी पाया अजून पक्का आहे, मग पूल का पाडता, असं लोक विचारतात. पक्का आहे हे खरं, पण तो आठ टनांच्या आसासाठी पक्का आहे. त्यावर तिप्पट भार घालायचा, शिवाय लांब मालगाडीने ब्रेक लावल्यावर बसणारा आडवा रेटा घालायचा. दगडी खांब खालच्या दिशेने येणारा भार सोसतो, आडवा रेटा त्याला झेपत नाही. मोऱ्यांच्या जागी काँक्रीटचे चौकोनी बॉक्स बसतात, मोठ्या नाल्यांवर नवे खांब आणि नव्या तुळया. पाण्याला किती वाट सोडायची याचंही गणित नव्याने करावं लागतं, कारण शतकभरात शिवारं बदलली, तलाव बुजले, ओढ्यांना येणारं पाणी बदललं.

वळणांचं काय? १७५ मीटर ही ब्रॉडगेजची किमान त्रिज्या झाली. पण तेवढ्या वळणावर बाहेरचा रूळ नियमाइतका उंच केला तरी गाडी ताशी ५०-५५ च्या वर नेता येत नाही. ताशी १०० च्या पुढे जायचं तर त्रिज्या याच्या तिपटीहून जास्त हवी. म्हणजे जुनं वळण सोडून लाईन सरळ घ्यावी लागते, आणि सरळ घेतली की ती रेल्वेच्या हद्दीबाहेर, कुणाच्या तरी धुऱ्यावरून जाते. मोजणी, संपादन, मोबदला, हरकती. कागदावर दोनशे मीटर, कचेरीत दोन वर्षं.

रूळ टाकणं सगळ्यात सोपं

बातमीत फोटो असतो तो रूळ टाकण्याचा. खरं तर तोवर अवघड काम संपलेलं असतं. किलोमीटरला १६६० काँक्रीट स्लीपर, एकेक पावणेतीनशे किलोच्या आसपास. दोन रूळ मिळून किलोमीटरला १२० टन लोखंड. गिट्टी दोन हजार घनमीटरच्या वर, म्हणजे चौदा घनमीटरच्या हायवा टिपर ट्रकच्या दीडशे खेपा, दर किलोमीटरला.

इथे नागपूरच्या उन्हाचा संबंध येतो. नॅरोगेजचे रूळ तुकड्यातुकड्यांचे, मध्ये फट आणि जोडपट्टी. छोट्या गाडीची ती ठेक्यातली खडखड याच फटींची. उन्हाळ्यात रूळ वाढला की फट भरायची, गोष्ट संपली. ब्रॉडगेजला १३ मीटरचे वीस रूळ कारखान्यात जोडून २६० मीटरची पट्टी करतात आणि त्या पट्ट्याही जागेवर वितळवून एकमेकींना जोडतात. अखंड लोखंड. ५० अंशांच्या फरकाने एक किलोमीटर मोकळा रूळ अर्ध्या मीटरहून जास्त वाढेल. पण तो मोकळा नसतो. स्लीपर त्याला पकडून ठेवतात आणि गिट्टी स्लीपरना. म्हणून रूळ एका ठरावीक तापमानाला, त्या भागातल्या रुळाच्या सरासरी तापमानापेक्षा ५ ते १० अंश वर असताना, ताण सोडवून घट्ट करतात. हे काम घाईत झालं, किंवा स्लीपरच्या टोकांशी गिट्टी कमी पडली, तर मे महिन्याच्या दुपारी रूळ सापासारखा वळतो. रुळाच्या बाजूची गिट्टी घराच्या कामासाठी टोपलीभर उचलून नेणाऱ्यांना ती फुकटची वाटते. स्लीपर जागेवर धरायला तीच असते.

जुन्या लाईनवर विजेची तार नव्हती. नव्यावर २५ हजार व्होल्टची असते, त्यामुळे वरून जाणारा प्रत्येक पूल, प्रत्येक वीजवाहिनी उंच करावी लागते.

‘छोटी गाडी चालू ठेवून बाजूने काम करता आलं नसतं का?’

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात नीट उत्तर देण्याजोगा प्रश्न हाच आहे.

तिसरा रूळ टाकून दोन्ही गाड्या एकाच वाटेवर चालवता येतात, जगात चालवल्या जातात. पण त्यासाठी वाट आधी ब्रॉडगेजच्या तोलाची असावी लागते. इथे वाटच कमजोर होती. शिवाय दोन गाड्यांचे डबे वेगळ्या उंचीचे, फलाट कुणाच्या मापाचा करायचा? आणि प्रत्येक सांध्यावर, जिथे गाडी एका लाईनवरून दुसरीवर जाते, तिथे तीन रुळांची गुंतागुंत.

बाजूला दुसरा भराव घातला तर? मोकळ्या रानात जमेल. पण भांडेवाडी-दिघोरीकडे शहर रुळाला येऊन भिडलेलं. स्टेशनांच्या आवारातही तीच अडचण.

अर्धी बंद, अर्धी चालू? इथे खरी गोम शेडची. नॅरोगेजचं इंजिन ब्रॉडगेजवरून चालत नेता येत नाही, ट्रेलरवर लादून न्यावं लागतं. शेड मोतीबागला, म्हणजे नागपूरच्या टोकाला. काम नागपूरकडून सुरू केलं असतं तर पलीकडचा अर्धा भाग बेटासारखा तुटला असता. तिथे इंजिन बिघडलं की संपलं.

पण काम नागभीडच्या टोकाकडून सुरू करून इतवारी-उमरेड छोटी गाडी आणखी काही काळ चालवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हतं. खर्च वाढला असता, वेळही. एकदम सगळी लाईन बंद करणं काम करणाऱ्याला सोयीचं असतं आणि प्रवाशाला गैरसोयीचं. तो निवड करण्याचा मामला होता. केलेल्या निवडीला ‘दुसरा इलाजच नव्हता’ म्हणणं बरोबर नाही.

‘इंग्रजांनी झटपट केलं, आपल्याला का जमत नाही?’

बंगाल नागपूर रेल्वेने राजनांदगावपर्यंतची मीटरगेज भराभर बदलली, हे खरं. पण तेव्हाची ब्रॉडगेज गाडीसुद्धा आजच्या मानाने हलकी आणि हळू होती. विजेची तार नाही, रंगीत सिग्नल नाहीत, रस्त्यांखालचे भुयारी मार्ग नाहीत, आणि जमिनीच्या मोबदल्यावर कुणी कोर्टात जाईल अशी परिस्थिती नाही. मीटरगेजची वाट नॅरोगेजहून मुळात रुंदही असते.

आजच्या कामात कार्यालयं किती ते बघा. नागपूर मुख्य स्थानक मध्य रेल्वेचं. इतवारी (आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी) दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं. नागपुरात डीआरएम, म्हणजे रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक, दोन. आणि नागभीडचं गेज परिवर्तन करणारी महारेल, ही राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. पैसे दोन तिजोऱ्यांतून यायचे, आणि एका तिजोरीचं कुलूप उघडेपर्यंत दुसरीची किल्ली हरवते.

जंगलाचा मुद्दा

ही लाईन उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या पट्ट्यातून जाते, आणि हे जंगल ताडोबाकडे जा-ये करणाऱ्या वाघांच्या वाटेवर आहे. ‘गाडी तर शंभर वर्षं तिथूनच जात होती, तेव्हा वाघांना काय झालं?’ असा आक्षेप घेतला जातो. फरक वेगाचा आहे. छोटी गाडी ताशी ४०-५० च्या वर जात नसे, दिवसातून फेऱ्या मोजक्या. जनावराला बाजूला व्हायला वेळ मिळायचा. विजेवरची ब्रॉडगेज गाडी दुप्पट वेगाने येते, आवाज कमी करते, रात्रीही धावते. शिवाय उंच भराव आणि खोल खोदाई ही जनावरांसाठी भिंतच. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारशा-गोंदिया लाईनवर, म्हणजे याच नागभीडवरून जाणाऱ्या ब्रॉडगेजवर, वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली गेले. त्यामुळे वन्यजीव परवानगी आणि जनावरांसाठी खालून वाटा यांच्यावर खल होणं स्वाभाविक होतं. इथे गेलेला वेळ वाया गेला असं म्हणवत नाही.

खालून जाणाऱ्या वाटेचा सल्ला

नव्या लाईनवर फाटक ठेवत नाहीत, रस्ता रुळाखालून जातो. माणसं मरण्यापेक्षा हे बरंच. पण काळ्या मातीच्या गावात रस्ता जमिनीच्या खाली नेला की पावसाळ्यात त्याचं तळं होतं. ग्रामपंचायतीने काम चालू असतानाच चार गोष्टी पाहाव्यात, नंतर अर्ज करून काही होत नाही. दोन्ही तोंडांशी रस्त्याला छोटा उंचवटा आहे का, म्हणजे शेतातलं पाणी आत शिरणार नाही? उतारावर आडवी जाळीची नाली आहे का? आतलं पाणी नाल्यात आपोआप उतरतं की पंपाने काढायचं आहे? पंप असेल तर त्याची वीज आणि देखभाल कुणाकडे, हे लेखी आहे का? शेवटचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर पहिल्याच पावसाळ्यात ट्रॅक्टर अडकला म्हणून समजा. उंचीही विचारा. कापसाने किंवा तणसाने भरलेली गाडी जाईल का?

‘जपून ठेवायची होती, शिमल्यासारखी’

कालका-शिमला हीसुद्धा ७६२ मिलिमीटरचीच लाईन आणि ती जागतिक वारसा आहे, मग आपली का नाही? शिमल्याच्या लाईनला डोंगर आहे, बोगदे आहेत, आणि तिथे ब्रॉडगेज नेणं जवळपास अशक्य. नागभीडची लाईन सपाट धानाच्या शिवारातली, रोज शाळेत आणि बाजारात जाणाऱ्यांची. तिच्या भरवशावर जगणाऱ्याला वेग आणि जादा डबे हवे होते. आठवणींसाठी मोतीबागला नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ पासून. रविवारी लेकरांना नेण्यासारखं आहे.

बातमी कशी वाचायची

‘काम ८० टक्के पूर्ण’ असं छापून येतं तेव्हा कशाचे टक्के ते शोधा. भरावाचे असतील तर अजून बराच पल्ला आहे. रूळ जोडले असं असेल तर पुढे गिट्टी दाबणाऱ्या मशीनच्या फेऱ्या, विजेची तार, सिग्नल बाकी असतात. इंजिन चालवून पाहिलं म्हणजे प्रवासी गाडी आली असं नाही.

त्यासाठी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याने लाईन बांधली त्यानेच ती सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र देऊ नये, म्हणून ही तजवीज. ते ट्रॉलीवर बसून लाईन तपासतात, पूल बघतात, गाडी वेगात पळवतात आणि मग वेगाची मर्यादा घालून परवानगी देतात. नवी गिट्टी गाड्यांच्या भाराने हळूहळू बसते, म्हणून सुरुवातीला वेग कमी दिसला तर त्यात फसवणूक नाही.

खरी फसगत वेगळ्या ठिकाणी होऊ शकते. नागपूर-नागभीड ब्रॉडगेज झाली की दक्षिणेकडे जायला वर्धा-बल्लारशा या गर्दीच्या मार्गाखेरीज नागभीड-चांदाफोर्टची दुसरी वाट मिळते. मालगाड्यांना आणि लांबच्या एक्सप्रेसना ती सोयीची. पण लाईन एकेरी आहे. एका स्टेशनातून पुढच्या स्टेशनापर्यंत एका वेळी एकच गाडी, आणि समोरून मोठी गाडी आली की थांबायचं ते लोकलने. छोटी गाडी टेंपासारख्या लहान स्टेशनावर थांबत होती, कारण तिला दुसरं कामच नव्हतं. म्हणून नवं वेळापत्रक हातात पडलं की सुटण्याची आणि पोचण्याची वेळ नंतर बघा. आधी मधल्या स्टेशनांचा रकाना बघा, आणि आपल्या गावापुढे वेळ छापली आहे की आडवी रेघ.